आभा काढा, पण नंबर कुणाचा घालताय ते आधी बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पुण्यात नोकरीला आहेत. आई सोलापुरात, विडी घरकुलात एकटी राहते. वय ६८, साखर आणि बीपी दोन्ही आहे. मागच्या महिन्यात दवाखान्यात गेल्यावर केसपेपरच्या खिडकीवर आईंना ‘आभा आहे का?’ असं विचारलं. आभा म्हणजे आरोग्याच्या नोंदी जोडण्यासाठीचा सरकारी ओळख क्रमांक. नव्हतं, म्हणून शेजारच्या मुलानं स्वतःच्या फोनवरून तिथल्या तिथं काढून दिलं. यांच्या स्वतःच्या फोनमध्ये २०२० सालचं आरोग्य सेतू, म्हणजे कोरोनाच्या साथीतलं सरकारी ॲप, अजून पडून आहे. त्यांच्या शंका चार आहेत. आरोग्य सेतू ठेवायचं की काढायचं? आईचे सगळे आजार आता सरकारला दिसणार का? आभा नसतं तर उपचार मिळाले नसते का? आणि आभावर पाच लाखांपर्यंत मोफत उपचार होतात हे खरं का?

मी सोलापूर शहरात सार्वजनिक आरोग्याचं काम करते. २०२० मध्ये कोरोनाच्या संपर्क शोधाच्या, म्हणजे रुग्णाच्या जवळ कोण कोण आलं होतं त्याच्या, याद्या करायला गल्लोगल्ली फिरले, आणि आता ओपीडीत रोज आभाची नोंदणी डोळ्यांसमोर होते. या चार शंकांची उत्तरं देतेच. पण तुम्ही लिहिलेल्यातली जी गोष्ट वाचून मला काळजी वाटली, ती तुम्ही शंका म्हणून विचारलेलीच नाही. ‘शेजारच्या मुलानं स्वतःच्या फोनवरून.’ तुमचं अर्धं उत्तर तिथं आहे.

आधी सोप्या दोन शंका संपवते. आभा ऐच्छिक आहे. ते नाही म्हणून कुणालाही उपचार नाकारता येत नाहीत, नाव-गाव सांगून पूर्वीसारखा केसपेपर निघतो. खिडकीवर कुणी अडवलं तर शांतपणे सांगा, ‘आज साधी नोंद करा, आभाचं आम्ही नंतर बघू.’ आणि आभाचा पैशांशी काहीही संबंध नाही. आभा हा १४ अंकी ओळख क्रमांक आहे, एवढंच. पाच लाखांच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं, आपल्या राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना वेगळी. दोन्हींची चौकशी योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राकडे करायची, सोबत आधार आणि रेशनकार्ड न्यायचं. आई सत्तरीच्या झाल्या की वय वंदना कार्डही, म्हणजे सत्तरीपुढच्यांचं आयुष्मान कार्ड, निघेल. हे सगळं वेगळं सांगते, कारण आभाचा कागद लॅमिनेट करून ऑपरेशनला आलेली माणसं मी पाहिली आहेत. खिडकीवर ‘हे ते कार्ड नव्हे’ असं ऐकल्यावर त्यांचा चेहरा बघवत नाही.

आता आरोग्य सेतू. २ एप्रिल २०२० ला ते आलं आणि १३ दिवसांत पाच कोटी लोकांनी ते फोनवर घेतलं. काम असं चालायचं: फोनचं ब्लूटूथ सतत चालू, तुमचा फोन आणि शेजारून जाणाऱ्याचा फोन एकमेकांचा सांकेतिक क्रमांक टिपून ठेवणार, सोबत दर पंधरा मिनिटांनी ठिकाणाची नोंद. ही नोंद फोनमध्येच राहायची. माणूस पॉझिटिव्ह निघाला की ती सर्व्हरवर जायची आणि कोण कोण जवळ आलं होतं ते तिथं काढलं जायचं. कल्पना चांगली होती. आजही मला ती वाईट वाटत नाही.

पण सोलापूर बघा. एप्रिलच्या मध्यावर पाच्छा पेठेत पहिला रुग्ण सापडला आणि पुढं पूर्व भागात साथ पसरत गेली. पूर्व भाग म्हणजे विडी वळणाऱ्या बायका आणि यंत्रमागावरचे पुरुष. दोन खोल्यांत सात-आठ माणसं, आणि घरात चालू स्थितीतला स्मार्टफोन एक. तो फोन कमावत्या पोराच्या खिशात. ॲपला दिसायचा तो पोरगा, चुलीपाशी बसलेली आजारी सासू दिसायची नाही. बॅटरी लवकर उतरते म्हणून ब्लूटूथ बंद ठेवलेलं असायचं. चालू असलं तरी ब्लूटूथला अंतर नीट कळत नाही. सिग्नल किती जोरात येतो त्यावरून तो अंदाज बांधतो, आणि फोन खिशात आहे, पिशवीत आहे की अंगाच्या आड आहे यावर तो जोर बदलतो. पातळ भिंतीपलीकडे झोपलेला शेजारी त्याला ‘जवळचा’ वाटू शकतो. ज्यांच्याकडे साधे फोन होते त्यांच्यासाठी १९२१ या क्रमांकावर मिस्ड कॉलची सोय केली होती, ती चांगली होती. पण त्यातून लक्षणं कळायची, संपर्क कळायचे नाहीत.

मे महिन्यातली एक दुपार माझ्या चांगली लक्षात आहे. रुग्ण यंत्रमाग कामगार, त्याला सकाळीच हलवलेलं. आई उंबऱ्यात बसलेली, मी आणि आमच्या आशाताई, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य स्वयंसेविका, बाहेर उन्हात, ताईंच्या हातात फुलस्केप वही. फोनवर ॲप होतं आणि हिरव्या रंगात ‘सुरक्षित’ लिहिलेलं होतं. आम्ही विचारलं, मागच्या चौदा दिवसांत कोण कोण आलं, तुम्ही कुठं कुठं गेलात? आजी म्हणाल्या, ‘कुठं जातंय बाई, घरातच हाय की.’ तीनदा विचारलं, तीनदा हेच. मग आशाताईंनी वही मिटली आणि विचारलं, ‘आजी, पाणी कधी आलं होतं?’

ज्यांना सोलापूर माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: इथं नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं. पाणी येण्याचा दिवस सगळ्यांच्या डोक्यात पक्का असतो. चौदा दिवसांत तीन वेळा पाणी आलं होतं, आणि त्या तीन दिवसांचं चित्र आजींना जसंच्या तसं आठवत होतं. नळ कोपऱ्यावरचा, रांगेत पुढं कोण, मागं कोण, कुणाच्या पोरानं हंडा उचलून दिला, कुणाच्या घरी पाइप लावला, पाणी संपल्यावर कुणाच्या ओट्यावर बसून चहा झाला. अर्ध्या तासात अकरा नावं मिळाली. त्यातल्या चौघांना त्याच आठवड्यात लक्षणं दिसली. आजींच्या मुलाच्या फोनमधलं ॲप तोपर्यंत हिरवंच होतं.

त्या दिवसापासून आमच्या भागात आशाताईंचा पहिला प्रश्न ‘पाणी कधी आलं होतं’ हाच असायचा. संपर्क शोध असाच होतो. आठवणीला खुंटी लागते, आणि समोरच्यावर विश्वास लागतो. ‘नावं सांगितली की त्यांना उचलून नेतील’ ही भीती घरोघरी होती. ती भीती घालवायला ओळखीचा चेहरा लागायचा. कुठल्या सूचनेनं ती जाणारी नव्हती.

ॲपबद्दल माझी खरी तक्रार तंत्राची नाही. १ मे २०२० च्या केंद्राच्या आदेशानं ते कर्मचाऱ्यांना सक्तीचं केलं, मग १७ मेच्या आदेशात ‘शक्य तितके प्रयत्न करावेत’ अशी भाषा आली. माहिती कोण वापरणार, किती दिवस ठेवणार याचे नियम ११ मेला आले, म्हणजे कोट्यवधी लोकांनी ॲप घेतल्यानंतर. आणि तेही कायद्यानं नाही, शासकीय आदेशानं. आधी नियम आले असते, सक्तीची भाषा झाली नसती, तर आमच्यासारख्यांना दारोदार लोकांची समजूत घालायला पुष्कळ सोपं गेलं असतं. एक गोष्ट मात्र चांगली झाली: २६ मेला ॲपच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड सर्वांना बघायला खुला केला.

तर तुमच्या फोनमधल्या ॲपचं काय? संपर्क शोधाचा भाग केव्हाच बंद झाला आहे. त्यातून गोळा केलेली माहिती काढून टाकल्याचं सरकारनं फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकसभेत सांगितलं. २०२२ पासून त्याच ॲपमध्ये आभा काढायची सोय दिली होती. तुम्हाला ते नको असेल तर आधी ॲपमध्ये जाऊन खातं हटवा, मग ॲप काढा. नुसतं ॲप काढलं की खातं तसंच राहतं. आणि ॲप काढल्यानं कुणाचं आभा रद्द होत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आता आभा, म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशनचं काम. १५ ऑगस्ट २०२० ला सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग म्हणून सुरू झालं, २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर. ‘सगळे आजार सरकारला दिसतात का’ या शंकेचं नीट उत्तर द्यायचं तर कुठली माहिती कुठं राहते ते बघावं लागेल. आभा काढताना नाव, जन्मसाल, लिंग, पत्ता, फोटो, मोबाइल ही माहिती राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाकडे जाते. आजार, रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड मात्र ज्या दवाखान्यात किंवा लॅबमध्ये तयार झालं त्यांच्याच संगणकात राहतं. आभा हा त्यांना जोडणारा धागा. दुसऱ्या डॉक्टरला ते बघायचं असेल तर रुग्णाच्या ॲपवर विनंती येते: कोण मागतंय, कशासाठी, कुठले कागद, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचे, आणि किती दिवसांसाठी. रुग्णानं हो म्हटलं तरच कागद पुढं जातो. नाही म्हणता येतं, काही कागद वगळता येतात, दिलेली संमती मागं घेता येते. मांडणी म्हणून हे मला पटतं. दिल्लीत सगळ्या देशाचे रिपोर्ट एका कपाटात ठेवण्यापेक्षा हे बरं.

आणि सोलापूरला याचा उपयोग खरोखर आहे. आमच्याकडे विजयपूर, कलबुर्गी, धाराशिवकडून रोज माणसं येतात. तिकडचा कागद कन्नडमध्ये, इकडचा मराठीत, रुग्ण घरी तेलुगू बोलणारा. एक तपासणी तीन ठिकाणी तीनदा होते आणि तीनदा पैसे जातात. तुमच्या आईंचा तीन वर्षांपूर्वीचा साखरेचा रिपोर्ट डॉक्टरांच्या समोर आला तर गोळी बदलताना त्यांना अंदाज बांधत बसावं लागणार नाही. हे मी मनापासून सांगते, आभा काढूच नका असं माझं म्हणणं अजिबात नाही.

मग अडतं कुठं? ती सगळी संमती एका ओटीपीवर उभी आहे. ओटीपी ज्या फोनवर येतो, तो फोन ज्याच्या हातात, हो किंवा नाही म्हणणारा तोच. आरोग्य सेतूला आजारी सासूऐवजी पोराचा खिसा दिसत होता. इथंही तेच होतं आहे, फक्त यावेळी त्या खिशात सासूचे रिपोर्ट आहेत.

ओपीडीत एक पंचविशीतली सून यायची. दोन मुलं झालेली, तिसरं नको होतं, घरात ते बोलायची सोय नव्हती. ती दर तीन महिन्यांनी अंतराचं इंजेक्शन घ्यायला यायची, म्हणजे गर्भनिरोधक इंजेक्शन. कुणीतरी रांगेत तिचं आभा काढून दिलं, आणि नंबर मागितल्यावर तिनं घरचा म्हणून नवऱ्याचा सांगितला. कारण तिच्याकडे फोन नव्हताच. पुढच्या वेळी ती आली नाही. त्याच्या पुढच्या वेळीही नाही. त्यानंतर चार महिन्यांनी आली तेव्हा गरोदर होती. ‘दवाखान्याचा मेसेज त्यांच्या फोनवर आला,’ एवढंच म्हणाली. दवाखान्यानं नोंद जोडली की नोंदलेल्या मोबाइलवर तसा निरोप जातो. यंत्रणेनं आपलं काम चोख केलं होतं. नंबर लिहून घेणाऱ्यानं एकच प्रश्न विचारायला हवा होता: ‘ताई, हा फोन कुणाकडे असतो?’ त्या दिवसापासून मी आमच्या टेबलावरच्या मुलींना हा प्रश्न पाठ करायला लावला आहे. उत्तर नवरा, दीर, शेजारी असं आलं आणि बाई क्षणभर अडखळली, तर आभा काढायचं नाही. साधा केसपेपर काढायचा.

तुमच्या आईंच्या बाबतीत शेजारचा मुलगा चांगलाच असेल. त्यानं मदतच केली. पण त्यानं स्वतःचाच नंबर घातला असेल तर आज त्याच्या नंबरवरून आईंच्या खात्यात लॉगिन करता येतं, उद्या संमतीची विनंती आली तर ती त्याच्याकडे येईल, आणि तो ‘आजींचं काहीतरी आलंय’ म्हणून हो म्हणून टाकेल. त्यानं नंबर बदलला तर आईंच्या खात्याची किल्लीच हरवली.

हे दुरुस्त करायला फार खटाटोप नाही. पुढच्या वेळी सोलापूरला याल तेव्हा आईंचं आधार आणि आधारला जोडलेला फोन जवळ ठेवून आभाच्या अधिकृत ॲपमध्ये लॉगिन करा. ॲप घेताना बनवणाऱ्याचं नाव ‘नॅशनल हेल्थ ऑथॉरिटी’ आहे ना ते बघा, सारख्या नावाची भलतीच ॲप असतात. प्रोफाइलमध्ये मोबाइल बदलायची सोय आहे, तिथं आईंचा नंबर घाला. तो साधा बटणांचा फोन असला तरी चालतो, ओटीपी मेसेजनं येतो. आभा नव्यानं काढतानाही मोबाइलचा रकाना वेगळा येतो. आधारचा ओटीपी एका नंबरवर, आणि आभाचे निरोप कुठं यावेत तो नंबर दुसरा घालता येतो. घाईत सगळे दोन्हीकडे एकच लिहितात. त्या दुसऱ्या रकान्यापाशी अर्धा मिनिट थांबा. आईंना तुमचाच नंबर हवा असेल तर तोही घाला, पण त्यांना विचारून. ‘तुझे रिपोर्ट मला दिसतील, चालेल ना?’ असं तोंडानं विचारा. साखर-बीपीचं लपवण्यासारखं काय, असं आपल्याला वाटतं. पण त्या वयाच्या बायकांना काय सांगावंसं वाटत नाही याचा अंदाज लेकरांना नसतो.

नाव आणि जन्मतारीखही तपासा. आमच्याकडच्या जुन्या विडी कामगार बायकांच्या आधारवर बहुधा नुसतं जन्मसाल असतं. कारखान्याच्या कागदावर नाव एका तऱ्हेनं, आधारवर दुसऱ्या तऱ्हेनं, केसपेपरवर तिसऱ्या. नाव जुळलं नाही तर दवाखान्याची नोंद आभाला जोडताना अडते. विड्या वळून बोटांचे ठसे झिजलेले असतात, त्यामुळे अंगठ्याचा पर्याय कित्येकदा चालत नाही. तेव्हा ओटीपीचाच रस्ता धरा. काही अडलं तर १४४७७ ही मिशनची हेल्पलाइन आहे. आणि नकोच असेल तर आभा बंद करता येतं, कायमचं हटवताही येतं.

आणखी एक गैरसमज दूर करते. आभा निघालं म्हणजे आईंचे रिपोर्ट आत गेले असं नाही. दवाखान्याचं सॉफ्टवेअर मिशनला जोडलेलं असावं लागतं, आणि तिथल्या माणसानं नोंद जोडावी लागते. केसपेपरच्या खिडकीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला की नाव, वय, पत्ता तेवढा जातो आणि टोकन मिळतं. रांग वाचते, ते चांगलंच आहे, पण त्यानं आजाराची माहिती कुठं जात नाही. पुष्कळांचं आभा उघडलं तर आत काहीच नसतं. आत काही हवं असेल तर जुने कागद फोटो काढून तुम्हीच चढवा.

गोपनीयतेचं म्हणाल, तर मला दिल्लीच्या सर्व्हरपेक्षा इथल्या टेबलांची भीती जास्त वाटते. दवाखान्याच्या संगणकाचा पासवर्ड पाच जणांना माहीत असतो. आधारच्या झेरॉक्स टेबलावर उघड्या पडलेल्या असतात. रिपोर्टचा फोटो कुणाच्या तरी व्हॉट्सॲपवर जातो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण तो या टेबलापर्यंत पोहोचवायचा तर तिथल्या माणसाला शिकवावं लागेल. तुम्ही तुमच्यापुरतं एक करू शकता: आधारची झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर पेनानं आडवी रेघ मारून कशासाठी दिली आणि तारीख लिहा.

शेवटी आईंच्या कॅरीबॅगेबद्दल. प्रत्येक घरात असते तशी त्यांच्याकडेही औषधांच्या रिकाम्या पाकिटांसकट सगळे कागद भरलेली पिशवी असणारच. ती टाकू नका. रात्री अपरात्री छातीत दुखलं आणि रिक्षात घालून नेलं तर तिथं कुणी ओटीपीची वाट बघत नाही. पिशवीत सगळ्यांत वर एक जाड कागद ठेवा. त्यावर मोठ्या अक्षरात नाव, वय, तुमचा नंबर, चालू गोळ्या आणि त्यांची ताकद, कशाची ॲलर्जी आहे, आधी कुठलं ऑपरेशन झालं, एवढंच. तो कागद डॉक्टर अर्ध्या मिनिटात वाचतात. आणि जुने ईसीजी शोधा. ते ज्या गुळगुळीत कागदावर निघतात त्यावरची रेघ उष्णतेनं उमटलेली असते, ती पुसट होत जाते. सोलापूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेला ईसीजी तर लवकर जातो. मी कोरे पांढरे ईसीजी पाहिले आहेत. रुग्ण ते जपून घेऊन येतो आणि आत काहीच उरलेलं नसतं. पूर्वीची रेघ समोर असेल तर आजचा बदल नवा की जुना ते कळतं, आणि त्यावर पुढचा तास ठरतो. त्या पट्ट्यांची साधी झेरॉक्स काढा, फोटो काढून आभात चढवा, आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरऐवजी साध्या कागदी पाकिटात ठेवा. हे काम मात्र पुढच्या सुट्टीवर ढकलू नका. झेरॉक्सचं शेजारच्या त्या मुलालाच सांगा, तो आजच करून देईल.